बर्फावरूनच

अलोईसने हार मानली ती फेब्रुवारीतल्या एका सकाळी, लापशीचा घास तोंडात असताना.

"बुर्गे, तू पलीकडे जा," तो म्हणाला. "त्यांना सांग, आणा म्हणावं त्याला लाँचने. माझी हरकत नाही."

वालबुर्गाने चमचा वाटीत ठेवला आणि थोरल्या भावाच्या तोंडाकडे बघितलं. थट्टा करत असेल असं वाटेना. त्याची नजर जाऊन बराच काळ लोटला होता, त्यामुळे डोळ्यांत बघून काही कळायची सोय नव्हती. पण हनुवटी थरथरत होती, आणि आईच्या मयतालासुद्धा ती थरथरलेली तिने पाहिली नव्हती.

"आयुष्यभर आम्हाला दटावलंस आणि आता हे?"

"एकदा हात लावायचाय. मग झालं. आता त्या तळ्याची वाट बघण्यात राम नाही."

वालबुर्गा उठली आणि वाटी उगाचच दोनदा विसळली. डॉक्टर म्हणाला होता की अलोईस वसंत बघेलच असं नाही, तेव्हा ती रडली नव्हती. आता मात्र तिला रडू आलं. माणूस मरतो हे तिला कळत होतं, पण अलोईस नियम सोडतो हे तिला सोसवेना.

नियम असा होता. सरोवराच्या जर्मन काठावर हाल्डन, आणि पाण्यापलीकडे, अगदी नाकासमोर, स्वित्झर्लंडमधलं एबर्सहोर्न. दोन्ही गावांत मिळून नावाड्यांचा संत निकलाउस एकच. मऊ लाकडाचा, कमरेएवढा, उजवा हात आशीर्वादाला वर केलेला. सरोवर या काठापासून त्या काठापर्यंत गोठलं की ज्या गावात तो असेल त्या गावाने त्याला खांद्यावर घ्यायचं, वाजतगाजत बर्फावरून पलीकडे न्यायचं आणि तिथे ठेवून हात हलवत परत यायचं. मग पुन्हा बर्फ धरेपर्यंत तो तिथेच. होडी चालत नाही, गाडी चालत नाही. असं का, हे विचारायची पद्धत नाही. विचारणाऱ्याकडे दोन्ही गावांत सारख्याच नजरेने बघतात.

सरोवर शेवटचं गोठलं ते एकोणीसशे त्रेसष्ट साली. तेव्हा निकलाउस हाल्डनहून एबर्सहोर्नला गेला. त्याला उचलणाऱ्या चौघांपैकी तिघे आता चर्चमागच्या मातीत होते आणि चौथा बहिणीच्या हातून लापशी खात होता.

त्यानंतर सरोवर गोठलं नाही. आता गोठणारही नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. हाल्डनच्या चर्चमधला निकलाउसचा कोनाडा रिकामा होता. तिथे रोज दिवा लावायचं काम वालबुर्गाकडे होतं, आणि गावातले टवाळ तिला विचारत, "काय बुर्गा, पाहुणे आले का?" बाकीचं गाव केव्हाच शहाणं झालं होतं. लोक रविवारी लाँचने एबर्सहोर्नला जात, निकलाउसबरोबर फोटो काढत, वर केक खाऊन येत. फक्त या घरात बापाचा शब्द चालत आला होता. पाण्यावरून त्याला भेटायला जाणं म्हणजे बर्फाला नको म्हणणं, असं बाप म्हणायचा. म्हणून वालबुर्गाने जन्मभर स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते गाव बघितलं होतं, पण तिथे पाऊल ठेवलं नव्हतं. त्रेसष्ट साली मिरवणुकीत ती होती, पण मुलांना पलीकडच्या काठावरूनच परत फिरवलं होतं.

रोज संध्याकाळी अलोईस विचारी, "पाणी काय म्हणतंय?" ती खिडकीशी जाऊन बघे आणि सांगे, "पाणीच आहे." न बघता उत्तर देणं तिला सहज जमलं असतं, पण तिने तसं कधी केलं नाही. वालबुर्गाला खोटं बोलता येत नसे, आणि येत नाही याचा तिला थोडा तोराही होता.

निघताना अलोईसने तिचा हात धरला.

"अंगठा बघ. बाबांचा अंगठा आहे ना जागेवर, ते चाचपून ये."

अंगठ्याची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. मिरवणुकीच्या आदल्या दिवशी कोनाड्यातून काढताना निकलाउसचा हात दाराला आपटला तो अलोईसच्याच हातून, आणि आशीर्वादाचा अंगठा तुटून पडला. बाप पिंपं बांधणारा. त्याने पिंपाच्या ओकच्या फळीतून नवा अंगठा तासला, काळ्या चहाने रंगवला आणि सरसाने चिकटवला. अंगठा थोडा जाड झाला, थोडा वाकडाही. सरस वाळला नव्हता म्हणून सबंध सरोवर ओलांडेपर्यंत अलोईसने एका खांद्यावर पालखीची दांडी आणि दुसऱ्या हाताच्या मुठीत संताचा अंगठा धरला होता. त्या दिवशीचे त्याचे तळाला खिळे मारलेले बूट अजून जिन्याखाली टांगलेले होते. नजर होती तोवर दर शरदात तो त्यांना चरबी चोळायचा.

शनिवारी दुपारी शेजारच्या हेडविगला भावापाशी बसवून वालबुर्गा लाँचवर चढली. ऊन असं पडलं होतं की लोक डगले काढून मांडीवर घेऊन बसले होते. फेब्रुवारीत. वालबुर्गाने मात्र डगल्याचं गळ्याचं बटणही उघडलं नाही. ज्या पाण्यावरून ती चालत गेली होती ते खाली हिरवं, ढवळलेलं दिसत होतं, आणि आपण कोणाच्या तरी तोंडावर पाय देऊन चाललो आहोत असं तिला सारखं वाटत राहिलं.

एबर्सहोर्नच्या धक्क्याशेजारी चार माणसं लाकडांची भलीमोठी होळी रचत होती. वर पेंढ्याची बाई बसवलेली होती.

"हे काय, उद्याच का?" तिने विचारलं.

"उद्या संध्याकाळी. थंडी जाळायची," एक जण शिडीवरून म्हणाला. त्याच्या अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा होता.

"कुठली थंडी?"

माणसं हसली. "आजी, प्रथा आहे. जाळायची म्हणजे जाळायची."

हे उत्तर खुद्द वालबुर्गानेही दिलं असतं, म्हणून ती पुढे निघाली.

एबर्सहोर्नच्या चर्चचा कारभार गावाने निवडलेल्या पंचांकडे, आणि त्यांची मुख्य रेगुला ब्रुनश्वायलर. तिचं वेशीजवळ औषधांचं दुकान. रेगुला चाळिशीची, चटपटीत बाई होती. एका हाताने खोकल्याची बाटली कागदात गुंडाळत तिने हाल्डन एवढा एकच शब्द ऐकला आणि म्हणाली, "निकलाउसबद्दल का? अहो, छानच. पण मी दुकान सोडू शकत नाही. चारला बंद करते, सरळ चर्चमध्ये या. तोवर गाव बघा. सगळे गाव बघायलाच येतात."

वालबुर्गाला गाव बघायचं नव्हतं. गाव ती रोजच बघत होती. पण चर्चमध्ये परवानगीआधी जायचं नाही असं तिने मनाशी ठरवलं होतं, आणि धक्क्यावर होळीवाल्यांची थट्टा ऐकत बसायचीही इच्छा नव्हती. मग ती चालायला लागली.

आणि चालता चालता तिचं डोकं फिरायची वेळ आली. काहीच जागेवर नव्हतं. खिडकीतून दिसणारा पिवळा राजवाडा, ज्यात लहानपणी तिने मनातल्या मनात एक सरदारीण राहायला ठेवली होती, ते धान्याचं जुनं कोठार निघालं, आणि आत दातांचा दवाखाना होता. मनोऱ्याच्या ज्या घड्याळावर बाप दुर्बिणीतून आपलं घड्याळ लावायचा, त्याला गावाच्या बाजूने तोंडच नव्हतं, नुसती भिंत. गावातल्या लोकांना आपल्याच घड्याळात किती वाजले ते दिसत नव्हतं. आणि तो पांढरा ठिपका. त्यावरून ती आणि अलोईस किती भांडले होते. तो म्हणे चुन्याची भिंत आहे, ती म्हणे चादरी वाळत घातल्यात. तिथे होड्या ठेवायच्या छपराचा पत्रा होता. दोघंही चुकले होते, आणि हे घरी जाऊन सांगितलं तर अलोईस किती हसेल, या विचाराने तिला त्या दुपारी पहिल्यांदा बरं वाटलं. जे आयुष्यभर गावाचं तोंड म्हणून बघितलं ती गावाची पाठ होती, एवढं तिच्या ध्यानात आलं. तोंड आत होतं. कमानीखालच्या अरुंद गल्ल्या, खिडक्यांवर रंगवलेली द्राक्षं, उंबऱ्यांवर कोरलेली जुनी सालं. सुंदरच होतं सगळं, आणि त्याचा तिला राग येत होता.

चौकातल्या कारंज्याच्या कठड्यावर बसून तिने घरून आणलेला पाव खाल्ला. कागदाची घडी घालून पिशवीत ठेवत असताना शेजारून आवाज आला.

"पलीकडच्या ना?"

एक लांब, वाळका म्हातारा काठीवर दोन्ही हात ठेवून उभा होता.

"कशावरून?"

"कागद जपून ठेवलात. आमच्याकडचा असता तर टाकून दिला असता आणि मग कचऱ्यावर भाषण केलं असतं."

वालबुर्गाला हसू आलं. म्हाताऱ्याने आपलं नाव कोनी सांगितलं. तो पुष्कळ वर्षं इथल्या चर्चचा राखणदार होता. घंटा, मेणबत्त्या, झाडलोट, सगळं त्याच्याकडे. ती अलोईस लोखनरची बहीण आहे हे कळताच तो शेजारी बसलाच.

"लाल टोपीवाला. दांडी धरून होता आणि शेवटी काठावर पोचल्यावर धाडकन पार्श्वभागावर आपटला. पण मूर्ती खाली लागू दिली नाही."

"एक हात सोडेना म्हणून पडला तो."

"हो. मुठीत काहीतरी धरलं होतं त्याने." कोनीचा चेहरा जरा उतरला. "भाऊ आहे का अजून?"

"आहे. म्हणून तर आले." मग तिने सगळं सांगून टाकलं. परक्या माणसाला सांगणं सोपं असतं, आणि हा परका असूनही त्या दिवशी काठावर होता. अलोईसला एकदा हात लावायचाय, चारला पंचबाई भेटणार, ती नाही म्हणाली तर काय करायचं ते ठाऊक नाही. "आणि ती हो म्हणाली तरी काय करायचं तेही ठाऊक नाही," ती शेवटी म्हणाली. "मला वाटतं मला दोन्ही नको आहे."

कोनी काठी टेकत उठला. मग म्हणाला, "चला, गाव दाखवतो. तटावरून सगळं छान दिसतं."

त्याने तिला तटावर नेलं. जिथे पूर्वी बायका कपडे धूत त्या दगडी घाटावर नेलं. कुंभाराच्या गल्लीत नेलं, कुंभार नव्हताच. एका दारावर कोरलेला मासा दाखवला आणि त्याची अशी लांबण लावली की वालबुर्गाला शंका आली, गोष्ट तो जागच्या जागी रचतोय. पाय दुखायला लागले. प्रत्येक गल्लीच्या टोकाला चर्चचा टोकदार कळस दिसे, आणि प्रत्येक वेळी कोनी अलगद दुसरीकडे वळे.

"अहो, चर्च इकडे आहे ना?" तिने शेवटी विचारलं.

"आहे की. पण इकडून चढ फार."

"मी डोंगराच्या उतारावर राहते. मला चढ शिकवता?"

"वेळ आहे अजून."

"तुम्हाला मी तिथे जायला नकोय."

कोनी थांबला. काठीचं टोक त्याने दोन दगडांच्या फटीत रुतवलं. "लोखनरबाई, तुमच्या भावाला सांगा की ते नाही म्हणाले. आत्ताच धक्क्यावर जा, मधली लाँच आहे. ऐका माझं."

"का?"

"म्हातारा माणूस सांगतोय म्हणून."

"म्हातारी मीही आहे," वालबुर्गा म्हणाली आणि चढाला लागली.

रेगुलाने चर्चचं दार किल्लीने उघडलं आणि दिवे लावले. आत गारवा होता, दिवसभरातला पहिला खरा गारवा. निकलाउस डाव्या बाजूच्या छोट्या वेदीवर उभा होता. वालबुर्गाने लांबूनच त्याच्याकडे बघितलं. ती बाकाला धरून उभी राहिली. तिला बापाच्या डगल्याचा वास आठवला, बर्फावर वाजणारे खिळे आठवले, अलोईसची लाल टोपी आठवली. मग तिने आपली विनंती सांगितली. सकाळपासून घोकलेलं सगळं विसरून तिने नुसतं म्हटलं, "माझा भाऊ मरतोय. याला एक दिवस लाँचने आमच्याकडे पाठवता का?"

रेगुलाने क्षणाचाही विचार केला नाही.

"अहो, अर्थात! त्यात विचारायचं काय? माझी मुलं तर म्हणतात तुम्ही त्याला जन्मठेप दिलीय. पुढच्या शनिवारी? मी स्वतः घेऊन येते. एक दिवस कशाला, पंधरा दिवस ठेवा."

"पण नियम..."

"नियम आपणच केलेत ना. बर्फ येणार नाही म्हणून माणसाने तसंच मरायचं का?"

इतकं सोपं होतं. बापाने, अलोईसने, तिने आयुष्यभर जे छातीशी धरलं ते या बाईने दुकानाची किल्ली बोटाभोवती फिरवत सोडून दिलं होतं. आणि वालबुर्गाला वाटलं होतं तसा रागही आला नाही. आला तो आनंद, लाज वाटावी इतका. पुढच्या शनिवारी. तेवढा तग तो धरेल. ती जवळपास धावतच वेदीपाशी गेली आणि भावाने सांगितलं होतं तसा निकलाउसचा वर केलेला हात तिने आपल्या हातात घेतला.

अंगठा सरळ होता. सडपातळ, गुळगुळीत, बाकीच्या हाताच्याच लाकडाचा. जोड नव्हता. तिने पुन्हा चाचपलं. मग दुसरा हात चाचपला, उगाच, घरात हरवलेली वस्तू नसलेल्या जागीही शोधतो तशी. मग ती निकलाउसच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. चांगला चेहरा होता. कोणाचा तरी.

मागे दाराशी कोनी येऊन उभा राहिला होता. त्याने टोपी काढलेली होती.

"मग शनिवारी?" रेगुला म्हणाली. "वर्तमानपत्रवाल्यांनाही कळवते, दोन्ही गावांना बरं."

"नको," वालबुर्गा म्हणाली.

"काय नको?"

"राहू द्या त्याला. बर्फावरूनच येऊ दे."

"पण तुम्हीच तर आत्ता..." रेगुलाने कोनीकडे बघितलं. कोनी फरशीकडे बघत होता. तिला यातलं काही ठाऊक नाही हे वालबुर्गाला दिसलं, आणि या भल्या बाईला ते सांगायचं बळ तिच्यात नव्हतं. तिने रेगुलाचा हात दाबला, आभार मानले आणि बाहेर पडली.

लाँचला अवकाश होता. ती धक्क्यावरच्या बाकावर बसली. होळी रचून झाली होती, पेंढ्याची बाई उंच बसून हाल्डनकडे बघत होती. बऱ्याच वेळाने कोनी धापा टाकत आला. घरी जाऊन आला असावा. तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला.

"किडा लागला होता," तो म्हणाला. "आधी थोडा, मग बराच. शहरातला लाकडाचा जाणकार म्हणाला, महिनाभर माझ्याकडे पाठवा, धुरी देऊन नीट करतो. पाद्री तयार होते. पण पंचांनी बैठक घेतली आणि ठरवलं की निकलाउस गाव सोडतो तो फक्त बर्फावरून. शहरात कसा पाठवायचा? हाल्डनवाले काय म्हणतील?"

वालबुर्गाने मांडीवरची पिशवी जवळ ओढली.

"मग आम्ही आपले घरच्या घरी औषधं मारत राहिलो. बाहेरून छान दिसायचा हो. एका सकाळी धूळ पुसायला उचलला आणि तो माझ्या हातातच ढासळला. नुसता भुसा. चेहऱ्याचं तेवढं कवच उरलं होतं, तेही संध्याकाळपर्यंत गेलं. पाद्रींना सांगितलं. माझा मेव्हणा कोरीवकाम करायचा, त्याने जुन्या फोटोवरून नवा केला. आम्हा तिघांनाच माहीत होतं. ते दोघे गेले."

"फोटो त्रेसष्टच्या आधीचा असणार."

"हो."

"आम्हाला सांगायला हवं होतंत."

"हवं होतं. पण आम्ही म्हटलं, तळं काही आता गोठत नाही. न्यायला कोण येणार? कोणाचं काय बिघडतंय?"

"मी रोज दिवा लावते," वालबुर्गा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण कोनीने मान खाली घातली. "रिकाम्या कोनाड्यात. लोक हसतात माझ्यावर आणि मी लावते. तुम्ही त्याचा भुसा केराच्या टोपलीत भरलात त्या दिवशीही मी लावला असेल."

"टोपलीत नाही. तळ्यात सोडला. पाद्रींनी प्रार्थना म्हटली."

"म्हणजे गेलाच की पाण्यावरून."

कोनीने खिशातून रुमाल काढला, गाठ सोडली आणि आतली वस्तू बाकावर दोघांच्या मधे ठेवली. जाडसर, काळपट, थोडा वाकडा अंगठा.

"एवढ्यालाच किड्याने तोंड लावलं नाही. ओकचा आहे म्हणून. टाकवेना मला."

वालबुर्गाने तो उचलला. बापाच्या पटाशीची खूण नखाला लागली. सरस वाळायच्या आधी तो किंचित घसरला होता, आणि बुडाशी बाहेर आलेला, अलोईसच्या मुठीने दाबलेला सरस अजून सपाट होता. ती रडली. सकाळपासून आवरून धरलेलं सगळं त्या होळीसमोर, परक्या गावात, परक्या माणसाशेजारी बाहेर आलं. कोनीने काठीवरचा हात तसाच ठेवला आणि दुसरीकडे बघितलं, त्याबद्दल ती पुढे त्याची आभारी राहिली.

"भावाला काय सांगणार?" लाँच दिसायला लागली तेव्हा त्याने विचारलं.

"मला खोटं बोलता येत नाही."

"हे त्याच्या हातात द्याल?"

"त्याच्या हातात दिलं तर त्याला एका क्षणात कळेल," ती म्हणाली. "म्हणून तर नेतेय. तोंडाने सांगायला नको."

परतताना मागे वळून तिने एकदाच बघितलं. पिवळा राजवाडा पुन्हा राजवाडा झाला होता, पांढरा ठिपकाही पुन्हा जागेवर होता. पण तो आता कशाचा आहे ते तिला माहीत होतं.

घरी हेडविग निघून जाईपर्यंत अलोईस काही बोलला नाही. फाटकाची कडी वाजल्याबरोबर मात्र तो उशीला टेकून उठून बसला. केस विस्कटलेले, गालांवर लाल डाग.

"भेटले?"

"भेटले."

"काय म्हणाले?"

वालबुर्गा डगला न काढताच खाटेच्या कडेला टेकली. उजवा हात खिशात होता.

"नाही म्हणाले," ती म्हणाली. "म्हणाले, बर्फावरूनच."

अलोईसने मान मागे टाकली. तिला वाटलं, संपलं. पण त्याच्या छातीतून जो घरघरणारा आवाज आला ते हसू होतं.

"बरं केलं," तो म्हणाला. "चांगले लोक आहेत. मला वाटलं होतं, विकून खाल्लं असेल सगळं. मीच बावळट. आजारपणात माणूस काहीही बोलतो, तू कशाला ऐकायचं?"

"चुकलं माझं."

"आणि अंगठा?"

"आहे," वालबुर्गा म्हणाली. खिशात तिची मूठ घट्ट झाली. "चाचपून बघितला. थोडा जाड, थोडा वाकडा. शाबूत आहे."

"बाबांचं काम." तो समाधानाने पडून राहिला. गेल्या कित्येक दिवसांत तिने त्याच्या तोंडावर असं काही पाहिलं नव्हतं. मग पांढऱ्या ठिपक्याचं सांगावं असं तिच्या मनात आलं, पण ते खरं होतं, आणि आता खऱ्याला जागा उरली नव्हती. बाहेर अंधार पडत होता. खिडकी उघडी होती, आणि आत येणारं वारं कोमट होतं.

"बुर्गे," तो म्हणाला, "पाणी काय म्हणतंय?"

ती उठली. रोजच्यासारखी खिडकीशी गेली आणि रोजच्यासारखं बघितलं. पलीकडे एबर्सहोर्नचे दिवे लागले होते आणि मधल्या पाण्यावर ते लांबपर्यंत हलत होते.

"काठाला बर्फाचा पापुद्रा धरलाय," ती म्हणाली.

अलोईसचे आंधळे डोळे छताकडे लागलेले होते.

"मग माझे बूट काढ," तो म्हणाला. "चरबी लावून ठेव. कडक झाले असतील."

वालबुर्गा जिन्याखाली गेली, बूट उतरवून स्वयंपाकघरात आणले आणि दिव्याखाली बसून चोळायला घेतले. आतून तो मधूनमधून विचारत राहिला, खिळे गंजले नाहीत ना, नाड्या कुजल्या नाहीत ना, आणि ती प्रत्येक वेळी नाही म्हणत राहिली.